मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना प्रत्येकी एक टॅब मिळणार, पण दिवाळीनंतर जवळजवळ निम्मी मुलं ऊसतोडीला जातात

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोघं. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, तिसरी-चौथीच्या २२ मुलांना प्रत्येकी एक टॅब मिळणार आहे. दसऱ्यापर्यंत येतील असं सांगितलंय. सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, त्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

टॅब चांगला की वाईट, हे मी विचारत नाहीये. या २२ पैकी १० मुलांचे आईवडील दिवाळी झाली की कोयत्यावर जातात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. मग त्यांचे टॅब शाळेच्या कपाटात ठेवायचे की त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर पाठवायचे?

हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावं लागतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी थेट कर्नाटकात. गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येणं नाही. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते. पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही, किंवा ज्यांना धाकटं भावंड सांभाळायचं असतं, ती जातातच. त्यात मुली जास्त. निघताना आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो, म्हणजे पोहोचतील तिथल्या शाळेत बसता यावं. काही बसतात. बरीचशी दिवसभर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्याला कडेवर घेऊन असतात.

गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी दिवाळीपर्यंत जोडाक्षरांचा उतारा थांबत थांबत का होईना, पण वाचायला लागली होती. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा ‘प्र’ आणि ‘र्प’ यांत पुन्हा अडकली. ते लोक त्या वर्षी कर्नाटकात होते, तिथल्या पाट्यासुद्धा कानडी. पाच महिने तिच्या डोळ्यांसमोर छापील मराठी ओळ आलीच नव्हती. टॅबचं कळलं तेव्हा मला सगळ्यात आधी तीच आठवली.

पालकांशी बोलले. एका मुलीच्या वडिलांचं म्हणणं, “मॅडम, फुटलं तर भरून कुठून द्यायचं? उचल फिटंना, त्यात ह्याची भर.” त्याच मुलीची आई म्हणाली, “तिच्याजवळ काहीतरी असू द्या, दिवसभर एकलीच असती.” गावात राहणाऱ्या पालकांची तक्रार वेगळी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. समितीतले एक सदस्य म्हणाले, “तिकडं गाव पडदे बंद करायला भोंगा लावतंय आणि आपण पडदा वाटायला निघालो.” त्यांचं मला चूक वाटत नाही.

आमचे सर टॅब कपाटात ठेवावेत या मताचे आहेत. चार वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी मोठा स्मार्ट टीव्ही दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात तो बंद पडला, आणि त्यानंतर देणाऱ्यांचा फोन कधी लागला नाही. अजून भिंतीवर आहे. मुलं त्यावरची धूळ पुसतात, ते बघून वाईट वाटतं.

टॅबवर व्हिडिओ दाखवायचा माझा विचार नाही. मुलांनी मोठ्यानं वाचावं, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, ऐकावा, चुकलं तिथं पुन्हा वाचावं, एवढंच. आमच्याकडे तांड्यावरची सहा मुलं आहेत, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. आजीची गोष्ट गोरमाटीत मुद्रित करायची आणि तीच मराठीत सांगून बघायची, असंही डोक्यात आहे. यांपैकी कशालाच नेट लागत नाही.

फडावर टॅब नेण्याचा अनुभव कुणाला आहे का? चार्जिंगचं काय करता येईल? शाळेत एकच धड सॉकेट आहे, २२ टॅब त्यावर चालतील का? आणि मुख्य म्हणजे, या वयाच्या मुलांना अशी वस्तू दिल्यानं वाचन खरंच सुधारतं, असं कुठं दिसलंय का?

माळावरचा मास्तर

ताई, चार्जिंगची काळजी सोडा. साधारण टॅबची बॅटरी ५००० एमएएचची असते, म्हणजे पूर्ण भरायला १८-१९ वॅट-तास. २२ टॅब धरले तर चारशेच्या थोडं वर. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही पाऊण युनिटाच्या आत काम होतं. एकदम लावले तरी भार दोन-अडीचशे वॅटचा, एक सॉकेट तो सहज घेईल. फक्त ते सॉकेट आणि त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, आणि आयएसआय खुणेचे चांगले एक्स्टेंशन बोर्ड घ्या. बाजारातले हलके बोर्ड घेऊ नका, आमच्याकडे एक वितळला होता. नशिबानं शाळा भरलेली होती, म्हणून लगेच लक्षात आलं.

खरी भीती उन्हाळ्याची. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात, शून्यावर आलेले टॅब मे महिनाभर पडले की बॅटऱ्या मरतात, काही फुगतात. सुट्टी लागायच्या आधी सगळे अर्धे चार्ज करून बंद करा आणि कुणाच्या तरी स्लॅबच्या घरात ठेवा. फुगलेला टॅब पुन्हा चार्जिंगला लावू नका.

फडावर पाठवण्याबाबत मी तुमच्या सरांच्या बाजूनं आहे. पहिल्या वर्षी नको. शाळेत हात बसू दे, तुम्हालाही आणि मुलांनाही.

पाटीपेन्सिल

शेवटच्या प्रश्नावर बोलते, माझं काम याच विषयातलं आहे.

नुसतं यंत्र दिल्यानं वाचन सुधारत नाही, याचा सगळ्यात मोठा धडा पेरू देशातला. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायची मोहीम झाली. सुमारे ३०० शाळांची तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. त्याच मोहिमेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्याकडे २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेतही आले होते.

दिल्लीत उलट दिसलं. तिथं शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये मुलांना संगणकावर ज्याच्या त्याच्या पातळीचा अभ्यास मिळायचा. आठवीतलं मूल चौथीच्या गणितात अडकलं असेल तर त्याला चौथीचंच गणित. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ झाली. मात्र ती मुलं मोठी होती, बहुतेक सहावी ते नववीची, आणि प्रत्येक दीड तासातला निम्मा वेळ माणूसच शिकवत होता. हा निम्मा वेळ लोक विसरतात.

तुमच्या फडावरच्या मुलांसाठी मला तिसरंच उदाहरण सुचतं. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आफ्रिकेतल्या बोत्सवानात प्राथमिकच्या मुलांसाठी एक प्रयोग झाला. आठवड्याला गणिताचे थोडे प्रश्न एसएमएसनं पाठवायचे आणि शिक्षकानं पंधरा-वीस मिनिटं फोन करून पालक आणि मूल दोघांशी त्यावर बोलायचं. साधे फोन, नेट नाही. नुसत्या एसएमएसनं फारसं काही झालं नाही. फोन जोडल्यावर मात्र मुलांचं गणित सुधारलं. म्हणजे टॅब पाठवा किंवा नका पाठवू, दर आठवड्याचा तुमचा फोन मात्र ठरवून टाका.

उसाची लेक

मी पाचवीपर्यंत दर हंगामात फडावर होते. आता नर्स आहे. ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आई-बाप पहाटे तीन-चारला निघतात. ट्रॅक्टर भरेपर्यंत परत येत नाहीत. मोठी पोर बाळाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापायला शिकते. तिला मोकळा वेळ असा सलग मिळत नाही, बाळ झोपलं की अर्धा तास, तेवढाच. म्हणून टॅबवर काही द्यायचं असेल तर दहा मिनिटांत संपेल असं द्या.

रात्री टॅब मुलीच्या हातात राहणार नाही हे धरून चाला. दमून आलेली माणसं त्यावर गाणी बघणार, मी त्यांना दोष देत नाही. चार्जिंग होतं ते मुकादमाच्या गाडीवर नाहीतर रस्त्यावरच्या टपरीवर. कोपी पाचटाची, त्यात चूल. ऊस जाळून तोडणी असेल तर राख सगळ्यावर बसते. टॅब गेला तर एखाद्या महिन्यात जाईल, आणि मार मुलीला पडेल. ही गोष्ट सोमवारी नक्की सांगा. पाठवणार असाल तर फुटलं-हरवलं तर एक रुपयाही घेणार नाही असं लिहून द्या आणि ते वडिलांना वाचून दाखवा. नुसतं तोंडी सांगून त्यांची भीती जायची नाही.

माझं मत विचाराल तर दहा टॅब दहा मुलांना देऊ नका. एका टोळीत तुमच्या शाळेची तीन-चार मुलं असतात. टोळीला एक टॅब द्या, सगळ्यात मोठ्या मुलीच्या नावानं, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि सोबत पुस्तकं द्या. माझ्या बाईंनी मला दोन गोष्टींची पुस्तकं दिली होती. बाळाला मांडीवर घेऊन मी तीच इतक्यांदा वाचली की अजून पाठ आहेत.

सरळ तार

तांत्रिक बाजू थोडक्यात. अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिन’ करायची सोय असते, सेटिंगमध्ये पासवर्ड लावून ठेवला की त्याशिवाय त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. तेवढंच पुरेल, सिम मात्र घालू नका. सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये खातं न काढताही पाठ उघडतात, आणि बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडचे पाठ आधी उतरवून ठेवले की नेट लागत नाही. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापायलाही परवानगी आहे, म्हणजे ‘उसाची लेक’ म्हणतात ती पुस्तकंही तिथूनच होतील. गूगलचं रीड अलाँग ॲप मूल मोठ्यानं वाचतं ते ऐकून अडलेला शब्द सांगतं, मराठीतही चालतं.

मुलांच्या नावानं, खोटं वय टाकून खाती काढू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. कंपनी स्वतःचं ॲप टाकून देणार असेल तर ते मुलांची काय माहिती गोळा करतं, हे लेखी मागा. टॅब बंद पडला तर कोण, किती दिवसांत, कुठे दुरुस्त करणार, तेही त्याच पत्रात घ्या. तुमच्या टीव्हीसारखं पुन्हा व्हायला नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘उसाची लेक’, तुमचा प्रतिसाद सरांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “लिहून द्यायचं पत्र मी तयार करतो.”

सोमवारी हे मांडणार आहे. टॅब मुलांच्या नावाचे, पण मुक्काम शाळेत. गावातल्या मुलांना घरी न्यायचे नाहीत, शाळेतही दिवसाला अर्धा तासच. फडावर जाणाऱ्या दहा मुलांच्या यंदा तीन टोळ्या होतायत, म्हणून तीन टॅब डब्यात घालून जातील, प्रत्येकात दहा-दहा मिनिटांचे पाठ आणि गोष्टी. नुकसानीची जबाबदारी समितीची, पालकांची नाही. प्रत्येक मुलाला छापलेल्या गोष्टींची चार पुस्तकं. दर रविवारी संध्याकाळी मी आणि सर पाच-पाच मुलांना फोन करू. रविवार यासाठी की आठवडी बाजाराच्या दिवशी वडिलांचा फोन चार्ज असायची शक्यता जास्त, आणि यांच्यातल्या बऱ्याच जणांचा बाजार रविवारी असतो असं मुकादम म्हणाले. त्या फोनवर मुलानं एक उतारा वाचून दाखवायचा.

मास्तर, पहिल्या वर्षी नको हे तुमचं म्हणणं पटतं, पण ती मुलगी यंदा चौथीत आहे. पुढच्या वर्षी ती माझ्या शाळेत नसेल.

आता आणखी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे, सूर्यप्रकाशावर टॅब चार्ज करणारी १०-२० वॅटची घडीची सोलर पाटी कुणी उन्हातान्हात, धुळीत वापरली आहे का? किती टिकली? दुसरी अशी की, आमची एक टोळी यंदा कर्नाटकातल्या अथणी भागात जातेय. तिकडं मराठी शाळाही आहेत असं कळलं. त्या बाजूचं कुणी इथं असेल, विशेषतः शिक्षक, तर कृपया व्यक्तिगत निरोप टाका. मुलांना त्या शाळेत बसवायला कुणाशी बोलायचं, ते दिवाळीच्या आत ठरवायचंय.