मुंबईच्या मोटार-व्यवसायावर शोधखेळ: ठिकाणे कोणती घ्यावीत आणि कोडी कशी घालावीत?

पदपथी:
आमच्या वाचनालयातर्फे या हिवाळ्यात एका रविवारी 'खजिन्याचा शोध' हा खेळ घ्यायचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत उभा राहिलेला मोटार-व्यवसाय हा विषय नक्की झाला आहे. भाग घेणाऱ्यांत नववी-दहावीची मुले आहेत, तशीच निवृत्त मंडळीही आहेत. म्हणून प्रवास लोकलने आणि पायी एवढाच ठेवणार आहोत. अडचण अशी की ज्या कारखान्यांभोवती हा इतिहास फिरतो, ते आता जागेवर राहिलेले नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील जमिनीवर आज निवासी संकुल आहे. पाहण्यासारखे काही नसेल तर कोडे कशावर घालावे? 'अमुक कंपनी कधी स्थापन झाली' असे विचारले, तर मुले फोनवर उत्तर काढून मोकळी होतील आणि प्रत्यक्ष जाण्याचे कारणच उरणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना हिशेबनीस:
कंपन्यांची जंत्री करू नका. त्या काळातला खरा प्रश्न एकच होता: गाडीचा किती भाग इथे तयार होतो आणि किती भाग परदेशातून पेट्यांत भरून येतो? सगळी कोडी याच धाग्यात ओवता येतील.

जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बंदरात उतरायचे, इथे जोडले जायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. बंदराला लागून जागा घेण्यामागचे कारण मुलांना तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळेल. महिंद्रांची जीपसुद्धा सुरुवातीला माझगावात अशीच जोडली जात असे. प्रीमियरची स्थापना १९४४ ची, परंतु अमेरिकेतील क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या प्रत्यक्ष बाहेर पडू लागल्या त्या १९४७ पासून. म्हणजे परदेशी आणि देशी अशा सगळ्यांचाच आरंभ जोडणीपासून झाला.

या गोष्टीला कलाटणी मिळाली ती १९५३ मध्ये. ज्यांच्याकडे सुटे भाग इथेच बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा आहे त्यांनीच धंद्यात राहावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने, म्हणजे आयातशुल्कविषयक सरकारी आयोगाने, केली आणि सरकारने ती स्वीकारली. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जोडणी गुंडाळली, तर प्रीमियरने इटलीच्या फियाट गाडीच्या जोरावर पाय रोवले. शिवडी आणि कुर्ला या दोन ठिकाणांमधला फरक ज्या गटाला आपल्या शब्दांत मांडता येईल, त्याला जादा गुण ठेवा. त्याचे तयार उत्तर फोनवर सापडणार नाही.

माझगावसाठी एक कोडे देतो: 'दोन आडनावांनी सुरू झालेल्या कंपनीतला एक भागीदार शेजारच्या देशाचा पहिला अर्थमंत्री झाला, आणि मग पाटीवर उरलेले आडनावच दोनदा लिहिले गेले.' महिंद्र अँड मोहम्मद ही १९४५ ची कंपनी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले.

मडगार्ड:
वरील मुद्दा पटतो, मात्र नुसत्या धोरणावर मुले कंटाळतील. त्यांच्या हाताला काहीतरी लागले पाहिजे.

कारखाना गेला तरी विद्याविहार पश्चिमेला 'प्रीमियर रोड' हे नाव टिकून आहे, म्हणून तिथली पाटी शोधायला लावा. तेथून लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे त्या काळचा आग्रा रोड, थेट भांडुपला जातो. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया होती. ब्रिटनच्या रूट्स गटाने १९४९ मध्ये काढलेली ही कंपनी पुढे मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे आली आणि तिने इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर आपल्याकडे घरोघरी नेली.

भांडुपच्या थांब्यावर दोन जुन्या स्कूटरची छायाचित्रे नावे झाकून द्या आणि लॅम्ब्रेटा ओळखायला सांगा. व्हेस्पाचे इंजिन मागच्या चाकाशी उजव्या बाजूला, फुगीर पत्र्याखाली असते, लॅम्ब्रेटाचे मधोमध. दोन्ही बाजूंचे पत्रे काढलेले छायाचित्र मिळाले तर उत्तमच. कुर्ल्यासाठी पद्मिनीच्या, म्हणजे प्रीमियरच्या फियाटचेच पुढचे नाव असलेल्या गाडीच्या, आतले छायाचित्र ठेवा: पुढचे सलग बाकासारखे आसन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर. आजच्या मुलांना तो गिअर सहसा सापडत नाही, वाइपरची कळ समजून पुढे जातात. आजोबा मंडळींना मात्र 'डुक्कर फियाट' या टोपणनावाच्या जुन्या गाडीपासूनची सगळी वंशावळ तोंडपाठ असते, तेव्हा गट मिश्र वयाचेच करा.

सायडिंग:
कारखान्यांबरोबर टॅक्सीही घ्या, कारण मुंबईकरांच्या लेखी प्रीमियर म्हणजे काळी-पिवळीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. खेळाची सुरुवात ताडदेवला, म्हणजे गोष्टीच्या शेवटाकडून करावी असे मला वाटते. कचेरी रविवारी बंद असली तरी फाटकाबाहेर पहिली चिठ्ठी देता येईल.

पदपथी:
सर्वांचे आभार. ताडदेव, माझगाव, शिवडी, कुर्ला-विद्याविहार आणि भांडुप हा क्रम ठरवत आहे. ऑपेरा हाऊसचा सुट्या भागांचा बाजारही मनात होता, पण रविवारी तिथली दुकाने बंद असतील म्हणून वगळला.

सायडिंग:
क्रम योग्य आहे. ताडदेवनंतर माझगावच्या डॉकयार्ड रोड स्थानकावर जमून हार्बरने शिवडी व कुर्ला, आणि पुढे मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने विद्याविहार व भांडुप असे सरळ जाता येते. चिठ्ठ्या कोणत्याही फाटकावर किंवा भिंतीवर चिकटवू नका, पहारेकरी हटकतात. प्रत्येक थांब्यावर आपला एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा करा. आणि आदल्या दिवशी मेगाब्लॉकचे, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचे, वेळापत्रक पाहून घ्या. हार्बर बंद असेल तर शिवडीची चिठ्ठी घेऊन उभा असलेला तुमचा माणूस दुपारपर्यंत तिथेच उभा राहील.