प्रशिक्षण वर्गात, रस्ता मात्र रात्री दोन वाजता

निवृत्त_दुय्यम

३१ वर्षं सरकारी बांधकामावर दुय्यम अभियंता म्हणून काढली. खातं कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीसमोर काँक्रीटचा रस्ता झाला. रात्री झोप लागेना म्हणून खाली उतरलो. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट घुसळत आणणारी गाडी) उभा, माल घट्ट व्हायला लागलेला आणि मुकादम ओरडतोय, "पाणी मार रे!" पोराने पाइप लावला. बाजूला कनिष्ठ अभियंता उभा, वय पंचवीसच्या आसपास. तो फोटो काढून ग्रुपवर टाकत होता. विचारलं, "किती पाणी घातलं?" तर म्हणे, "थोडंसंच काका."

वरून पाणी मारलं की माल छान पसरतो, घोटायलाही सोपा जातो. पुढे ते पाणी उडून जातं, आत पोकळ्या राहतात आणि ताकद गेलेली असते. हे त्या पोराने परीक्षेत नक्की लिहिलं असणार. पण माल बघून ओळखायचा कसा, हे त्याला कोणी हाताला धरून दाखवलेलं नाही. मुकादमाला तर कोणी काहीच सांगितलेलं नाही.

मुंबई महापालिकेचं बोरिवलीला प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिकला राज्याची अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, पुण्याला सरकारी अधिकाऱ्यांना शिकवणारी यशदा आहे. असू देत. माझं म्हणणं एवढंच की शिकवणं साइटवर आणा, आणि मुकादमापासून सुरुवात करा. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला (आजचं सीओईपी), तोच मुळी सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करायला. इंग्रज साहेबालाही कळलं होतं की काम हाताखालचा माणूस करतो.

अंधेरीकर

काका, आदर ठेवून सांगतो, रोग एक आणि औषध भलतंच. अंधेरीचा गोखले पूल घ्या. २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली आणि अख्ख्या मुंबईने पाहिलं की बाजूचा बर्फीवाला पूल खाली राहिलाय आणि हा वर. रुळांवरची उंची रेल्वेला वाढवून हवी होती म्हणून नवा पूल चढला, जुना होता तिथेच राहिला. मग व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजचा सल्ला घ्या, जॅक लावा, जुना पूल उचला. जोडणी होऊन गाड्या सुरू व्हायला जुलै उजाडला. यातला कोणता माणूस अडाणी होता? सगळे पदवीधर. तिथे मुकादमाला शिकवून काय फरक पडला असता?

बटाटावडा_४०१

प्रशिक्षण म्हणजे चहा, दोन बिस्किटं, पॉवरपॉइंट आणि शेवटी ग्रुप फोटो. माझा भाऊ सरकारी नोकरीत आहे, घरात प्रमाणपत्रांची फाइल आहे. चालू द्या.

पावसाळी_दादर

अंधेरीकरांशी सहमत, पण मुद्दा आणखी मागे न्यायला हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमीसाठी बांधलेल्या, त्यात भरती असेल तर तेवढंही जात नाही. क्षमता ५० मिमी करा, पंप बसवा, हे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून हातात होता. म्हणजे ज्ञान होतं, माणसंही होती. पैसा आणि घाई नव्हती, ती पाणी घरात शिरल्यावर आली.

चावीवाल्याची_लेक

पैसा आल्यावर काय झालं ते पण सांगा ना दादा. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध इथे पंप बसले. ते चालवतं कोण? जाळीला प्लास्टिक आणि थर्माकोल येऊन बसलं, तर ते कधी काढायचं, भरतीच्या आधी समुद्राचं पाणी अडवणारा दरवाजा कधी पाडायचा, हे कुठल्या टेंडरमधून शिकता येतं?

माझे बाबा पाण्याच्या खात्यात चावीवाले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या गल्लीचं पाणी आपोआप येत नाही, एक माणूस लांब चावी घेऊन येतो आणि रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा येतं. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कुठला एका दमात उघडला तर पुढचा जुना पाइप फुटेल, हे बाबांना पाठ. चावीला कान लावून पाणी चाललंय का ते सांगायचे. निवृत्तीआधी दोन महिने नव्या पोराला सोबत फिरवलं, तेही स्वतःच्या हौसेने. प्रशिक्षण म्हणजे मी हे समजते, बिस्किटं नव्हे.

साइटवरचा

मी ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. पलीकडच्या बाजूने दोन शब्द.

पाणी का मारतात? प्लँट लांब. मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकतो. नियमाने दोन तासांत रिकामा व्हायला हवा, इथे पोचेपर्यंतच दीड तास गेलेला. परत पाठवला तर गाडीभर मालाचे पैसे आमच्या खिशातून, आणि खोदलेला अर्धा रस्ता सकाळी तसाच. मुकादमाला अक्कल नाही असं समजू नका काका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पाणी घातल्यावर काय होतं तेही माहीत आहे.

मागे एका पोरीने, खात्याची कनिष्ठ अभियंता, माझी गाडी परत पाठवली. बरोबर होती ती. अर्ध्या तासात तिला तीन फोन आले. पुढची गाडी तिने बघितलीसुद्धा नाही. तिला काय शिकवणार होतात?

निवृत्त_दुय्यम

फोनचं खरं आहे. मलाही यायचे. पण म्हणूनच शिकवायचं! साइट ऑर्डर बुक नावाची वही असते, बहुतेक ठिकाणी कोरी. प्लँटवरून गाडी किती वाजता निघाली, इथे किती वाजता आली, स्लंप (शंकू उचलल्यावर माल किती खचतो ते माप) किती, सगळं लिहून ठेकेदाराच्या माणसाची सही घ्यायची. तीन फोन येऊ देत नाहीतर तीस, फोन करणारा त्या वहीत सही करायला येत नाही. हे मला माझ्या पहिल्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी शिकवलं, साइटवर, उभं करून. रस्त्यांच्या तपासणीला त्रयस्थ म्हणून आयआयटी आणली, उत्तम. पण ती मंडळी दर गाडीपाशी उभी राहणार नाहीत.

अंधेरीकर

कागद होताच की हिमालय पुलाचा. सीएसएमटीजवळचा. ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सांगितलेली आणि १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत स्लॅब खाली. माणसं गेली. कागदाचं कौतुक पुरे.

निवृत्त_दुय्यम

तो ऑडिटचा कागद होता. गंज आतून किती खातो हे हातोडी मारून आवाजावरून ओळखणारे लोक मी पाहिलेत, ताईंच्या बाबांसारखे. तशी माणसं...

जाऊ दे. तुमचं अर्धं मान्य. अधिकार नसेल तर नुसत्या शिकण्याने ती पोरगी एकटी पडते. पण न शिकलेल्याला अधिकार दिला तर तो त्याचं काय करेल, हेही सांगा.

साइटवरचा

काका, वाद राहू द्या. शनिवारी रात्री एक वाजता आमचा पोअर, म्हणजे काँक्रीट ओतायचं काम, आहे, तुमच्याकडून रिक्षाने वीस मिनिटं. मुकादम आणि चार पोरं आहेत, खात्याची ती पोरगी पण येईल. येताय का शिकवायला?

निवृत्त_दुय्यम

येतो. स्लंपचा शंकू आहे ना तिथे?

साइटवरचा

शंकू आहे. ठोकायचा रॉड शोधावा लागेल.