शब्दचर्चा : ‘अल्डिहाइडिक’ सुगंधाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंदूरच्या एका अत्तराच्या दुकानात विक्रेत्याने एका परदेशी परफ्यूमचे वर्णन ‘अल्डिहाइडिक’ असे केले आणि अर्थ विचारल्यावर ‘केमिकलवाली खुशबू’ असे सांगितले. मराठीत ‘रासायनिक गंध’ हा प्रतिशब्द चालेल का?

उत्तर : चालू नये, असे मला मनापासून वाटते. ‘रासायनिक’ म्हटले की फिनेल आठवते. ज्यांच्यावरून हे विशेषण आले ती अल्डिहाइडे (कार्बनी संयुगांचा एक गट) मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. दालचिनीचा, जिऱ्याचा आणि गवती चहाचा ओळखीचा वास प्रामुख्याने त्यांचाच असतो. सकाळी पोह्यांवर आपण जीरावन (जिरे घातलेला इंदुरी मसाला) भुरभुरतो आणि कोथिंबीर पेरतो, तेव्हा दोन निरनिराळी अल्डिहाइडे एकाच बशीत येतात.

मूळ शब्द लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये ‘हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे जोडून घडवला. सुगंधकार मात्र त्याचा अर्थ फार आकुंचित करतात. ‘अल्डिहाइडिक’ म्हणताना त्यांच्या मनात दालचिनी नसते, तर साधारण ८ ते १२ कार्बन अणूंच्या सरळ साखळीची, मेदाशी नाते सांगणारी द्रव्ये असतात. ती नुसती हुंगल्यास उग्र आणि तेलकट वाटतात. पण अगदी विरळ केली की संत्र्याची ताजी साल, नुकतीच विझवलेली मेणबत्ती किंवा इस्त्रीखालचे सुती कापड यांची आठवण देतात. सुगंधकार अर्नेस्ट बो यांनी १९२१ मध्ये ‘शनेल नंबर ५’ या परफ्यूममध्ये ती सढळ हाताने वापरली, आणि गुलाब व जाई यांचा जड दरवळ त्यामुळे हलका होऊन उजळला. (सुगंधकारांचे ‘अल्डिहाइड सी-१४’ नावाचे पीचगंधी द्रव्य मात्र मुळात अल्डिहाइडच नाही, ते लॅक्टोन या वेगळ्याच गटातले संयुग आहे.)

प्रश्न : मग ‘मेणचट’ म्हणावे का?

उत्तर : ‘मेणचट’मध्ये किळस आहे आणि ‘खवट’ तर जुन्या शेंगदाण्यांसाठीच राखलेला बरा, जरी त्या खवटपणामागेही अल्डिहाइडेच असतात. केशरी, बदामी यांच्या चालीवर ‘अल्डिहाइडी’ हे विशेषण मराठीत सहज रुळेल. प्रथमच वापरताना सोबत एक ओळखीची उपमा द्यावी : ‘या अत्तराचा आरंभ अल्डिहाइडी, विझत्या मेणबत्तीसारखा आहे, मागाहून जाई उमलते.’