मदत हवी आहे: मिस इंडियाचा फॉर्म महाराष्ट्रातून भरायचा की कर्नाटकातून?

भाचीला फेमिना मिस इंडियाचा फॉर्म भरायचाय आणि आम्ही राज्याच्या रकान्यातच अडकलोय. जन्म कर्नाटकातल्या निपाणीचा, आधार कार्डावर पत्ता निपाणीचा, आई-वडील तिथेच. घरात मराठीच बोलतात. कन्नड तिला समजतं, पण बोलताना अडखळते. गेली ४ वर्षं शिकायला कोल्हापुरात आहे. २०१७ पासून या स्पर्धेत राज्यवार मुली घेतात, त्यामुळे हा रकाना मोकळा सोडून चालत नाही.

२०२२ ची विजेती सिनी शेट्टी मुंबईत जन्मलेली, पण उतरली कर्नाटककडून. म्हणजे जन्मगाव हा एकच निकष नसावा, इतकं कळतंय. आमचं प्रकरण नेमकं उलटं आहे.

ईमेल केला, आपोआप येणारी पोच तेवढी आली. एका ग्रूमिंग क्लासवाल्यांनी 'महाराष्ट्रातूनच भरा, पुढचं आम्ही बघतो' म्हणत आधी २५ हजार मागितले. तिथे परत जायचं नाही, त्यामुळे कृपया क्लास सुचवू नका.

वय २१, अविवाहित. उंची ५ फूट ५ इंच (दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून दोनदा मोजली, टाचा टेकवून!). पासपोर्ट आहे, त्यावरही पत्ता निपाणीचाच.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कुणी हा फॉर्म भरलाय, त्यांनी सांगा: कॉलेजचं बोनाफाईड आणि कोल्हापूरचा भाडेकरार यावर महाराष्ट्रातून भरता येतं का? आणि निवड झाल्यावर कागदपत्रं तपासताना आधारवरचा पत्ता आडवा येतो का?