अल्पवयीन माता: वर्गांआधी पाळणाघर

अल्पवयीन मातांना बालसंगोपनाचे वर्ग दिले की प्रश्न बराचसा सुटेल, हे मत मला अर्धेच पटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातल्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. बीडकडे ऊसतोडीसाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकते आणि पुढच्या एखाद्या हंगामात ती तान्हे बाळ घेऊन उसाच्या फडावर पोहोचते. आशाताईंच्या गृहभेटी ठरलेल्या असतात, पण त्या गावातल्या घरी; मजुरांच्या तळावरच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) तितक्या नियमाने कोण येणार?

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न द्यायचे, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलेही असेल. परंतु पहाटे अंधारात फडात जाणारी आई बाळाला मऊ भात भरवणार कधी आणि त्याच्या हुंकाराला ओ देणार कधी? ते काम तळावरच्या एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीकडे जाते. (सासूला दोष देणे सोपे आहे, पण तीही मोळ्याच बांधत असते.) वर्ग जरूर घ्यावेत, मात्र ते पावसाळ्यात, मुली गावी असताना; आणि कारखान्याच्या तळावर पाळणाघर त्याआधी हवे.