पावसाळ्यात सिलिका पावडरचं एअर क्लासिफिकेशन बिघडतंय, रोटर बदलू का?

कासार्डेकर
कणकवली तालुक्यात सिलिका पावडरचं युनिट आहे. धुतलेली वाळू ड्रायरमधून बॉल मिलला (सिलिकाचं लायनिंग, गारगोटीचे गोटे) आणि तिथून बकेट एलिव्हेटरने ५०० मिमी रोटरच्या क्लासिफायरला (फिरता रोटर आणि हवेने बारीक-जाडा माल वेगळा करणारं यंत्र) जाते. फीड ताशी २ टन, हवा ताशी ६००० घनमीटर, रोटर ६०० आरपीएम. बारीक माल थेट बॅग फिल्टरमध्ये, जाडा (रिटर्न) परत मिलमध्ये. हवा बाहेरूनच ओढतो.

उन्हाळ्यात ४५ मायक्रॉनच्या (३२५ मेश) चाळणीवर २ टक्के उरायचं, जुलै लागल्यापासून ६ टक्के उरतंय. आरपीएम ७५० केला तर उत्पादन घटलं, चाळणीवरचा आकडा मात्र तसाच. सकाळी चालू केल्यावर सगळ्यात वाईट, दुपारनंतर बरं. डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) हलवलेला नाही, तरी ब्लोअरचे अँपिअर ३८ वरून ३३ वर आलेत. रिटर्नचा माल बोटांना पिठासारखा लागतो. रोटर झिजलाय का?

लोटेवाला
रोटरला हात लावायच्या आधी सांगा, चाळणी कोरडी करता का? दमट हवेत बारीक कण एकमेकांना आणि जाड्या कणांना चिकटतात आणि तसेच चाळणीवर बसून राहतात. तो ६ टक्के आकडा बहुतेक खोटा आहे.

ओली चाळणी करा. १०५ अंशांवर वाळवलेला ५० ग्रॅम नमुना, पाण्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटची चिमूट, चाळणीवर हलकी धार, खालचं पाणी नितळ येईपर्यंत. वर राहिलेलं पुन्हा १०५ ला वाळवून वजन करा. फीड, प्रॉडक्ट आणि रिटर्न, तिन्ही एकाच वेळी काढलेले हवेत. एक सकाळचा आणि एक दुपारचा संच घेतलात तर उत्तमच.

रिटर्नचा चमचाभर माल ग्लासभर पाण्यात ढवळूनही बघा. १० सेंमी उंचीच्या पाण्यात अर्ध्या तासानंतरही गढूळपणा राहिला, तर तो साधारण १० मायक्रॉनखालचा माल आहे. त्याला रिटर्नमध्ये काही काम नाही.

कासार्डेकर
केलं. सकाळचे आकडे, ७५० आरपीएमवर, ४५ मायक्रॉनखालचा भाग: फीड ६० टक्के, प्रॉडक्ट ९८.५, रिटर्न ४५. ग्लासातलं पाणी तासाभराने अजून दुधाळच.

लोटेवाला
म्हणजे प्रॉडक्ट चांगलंच आहे, वर फक्त दीड टक्का. तुमचा तोटा रिटर्नमध्ये आहे. हिशेब असा: बारकाकडे गेलेला वाटा = (६० − ४५) ÷ (९८.५ − ४५) = ०.२८. दोन टनांतले ५६० किलो. फीडमध्ये १२०० किलो चांगला माल होता, त्यातला जेमतेम ४६ टक्के हाती आला. बाकीचा पुन्हा दळला जातोय, वीज फुकट जातेय.

त्यातला थोडा भाग तुम्ही आरपीएम वाढवल्याने गेला. कट साइझ (ज्या मापाला बारीक आणि जाडा वेगळे होतात ते) रोटरच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो आणि हवेच्या प्रवाहाच्या वर्गमुळाप्रमाणे. तुमच्या मापाच्या रोटरला ६०० वर कट २३ मायक्रॉनच्या आसपास धरला, तर ७५० वर तो १८ वर येतो. मग १८ ते ४५ मधला विकता येणारा मालही रिटर्नला जाणारच. आधी ६०० वर या.

पण १० मायक्रॉनखालचा माल रिटर्नमध्ये सापडणं आरपीएमने घडत नाही. ते कण सुटे झालेच नाहीत, गोळ्यांच्या रूपाने जाड्यासोबत गेले. क्लासिफायर गोळ्याला एकच मोठा कण समजतो. फीडची ओल ०.५ टक्क्याच्या खाली ठेवा. रात्री हॉपरमध्ये राहिलेला गरम माल थंड होताना दमट हवेतली ओल धरतो, म्हणून तुमची सकाळ वाईट जाते. शिफ्ट संपताना हॉपर रिकामा करा.

रोटरच्या सीलची शंका असेल तर प्रॉडक्ट ७५ मायक्रॉनवर ओलं चाळा. तिथे टणक दाणे दिसले तर सीलमधून जाडा माल निसटतोय. नसतील तर सील ठीक आहे.

दापोली_फॅन
अँपिअरकडे दुर्लक्ष करू नका. डॅम्पर न हलवता ३८ चे ३३ झाले म्हणजे हवा कमी झाली. बॅग फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक मोजा. १०० ते १५० मिमी पाणी ठीक, २०० च्या पुढे असेल तर पिशव्या ओलीने बुजल्यात. हवा ४८०० वर आली तर कट आणखी ११ टक्के बारीक होतो आणि प्रति घनमीटर हवेतला मालाचा भार ०.३३ वरून ०.४२ किलोवर जातो. एवढ्या भारात कण सुटे करणं अवघड.

पल्स जेटच्या (पिशव्या झटकणाऱ्या हवेच्या झोताच्या) कॉम्प्रेसरची टाकी पावसाळ्यात दर शिफ्टला ड्रेन करायला हवी. रेफ्रिजरेशन ड्रायर नसेल तर प्रत्येक पल्ससोबत पिशवीवर पाणीच मारलं जातं.

माझ्या मते खरा उपाय आत येणारी हवा १० अंश तापवणं. २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३७ ला नेली की आर्द्रता ५४ टक्क्यांवर येते. ६००० घनमीटरला साधारण २० किलोवॉट लागतील. ड्रायरची वाया जाणारी उष्णता कॉइलमधून घेता आली तर बघा, पण ड्रायरचा धूर थेट ओढू नका, त्यात वाफ असते. सकाळी फीड सोडण्याआधी अर्धा तास गरम हवा फिरवा, फीड बंद केल्यावर १५ मिनिटं पल्सिंग चालू ठेवा.

आणि रिटर्नखालचा रोटरी एअरलॉक (माल खाली सोडणारी पण हवा अडवणारी फिरती झडप) तपासा. क्वार्ट्झ पात्यांची टोकं खातो. तिथून शिरलेली चोरटी हवा ब्लोअर ओढतो, पण फीड सुटं करायच्या कामाला ती येत नाही.

तळकोकणी
वरच्या सगळ्याशी सहमत, पिशव्यांबद्दल एवढंच. बुजलेल्या पिशव्या उघड्यावर झटकायच्या नाहीत, कॉम्प्रेसरच्या हवेनेही नाही. हा माल ४५ मायक्रॉनखालचा क्वार्ट्झ आहे, फुफ्फुसात खोल जाणारा भाग डोळ्यांना दिसतच नाही. सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुफ्फुसांचा रोग) बरा होत नाही. कायद्याने तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. पिशव्या पिंजऱ्यासकट प्लास्टिकच्या मोठ्या थैलीत उतरवा आणि त्या कामगाराला कापडी रुमाल नको, नीट बसणारा पी३ फिल्टरचा मास्क द्या. नव्या पिशव्या घेताना पीटीएफई मेंब्रेनच्या (टेफ्लॉनचा पातळ थर असलेल्या) घ्या, कोकणातल्या पावसात साधं पॉलिस्टर फेल्ट लवकर बुजतं.

कासार्डेकर
दाबफरक २१० मिमी निघाला, टाकीतून लाल पाणी आलं. आरपीएम ६०० वर आणलाय. आधी पिशव्या आणि एअर ड्रायर, मग हीटिंग कॉइल. तिन्ही नमुन्यांची ओली चाळणी पुन्हा करून आकडे इथेच टाकतो.