प्रतिसाद: घडीच्या सायकली डेकवर नकोत
बोटीवर नेलेल्या घडीच्या सायकली आवरणात गुंडाळून डेकच्या कठड्याला बांधाव्यात, अशी सूचना आधीच्या लिखाणात आहे; ती मला पटत नाही. आवरणामुळे उडणारे पाणी अडते, पण आत शिरलेला खारा दमटपणा तसाच कोंडून राहतो. आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातील स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला खारे पाणी लागत राहिले की झिजतो तो बोल्ट नव्हे, तर त्याच्या भोवतीचे ॲल्युमिनियम. त्यामुळे बोल्टच्या आट्यांना आधीच ग्रीस लावून ठेवलेले बरे.

त्यापेक्षा सायकली बोटीच्या आत ठेवाव्यात. ब्रॉम्प्टन कंपनीची १६ इंची चाकांची सायकल घडी केल्यावर साधारण ६५ × ५९ × २७ सेंटिमीटरमध्ये मावते. २० इंची चाकांची सायकल चालवायला अधिक सुखाची, परंतु लहान बोटीत कॉकपिटखालच्या, म्हणजे सुकाणू धरून बसण्याच्या जागेखालच्या, कप्प्याचे तोंड तिला अनेकदा अपुरे पडते, म्हणून खरेदीपूर्वी कप्प्याच्या पोटाचे नव्हे, तोंडाचे माप घ्यावे. दोन सायकली मिळून वीस-पंचवीस किलो भरत असल्याने त्या शक्य तितक्या खाली, बोटीच्या मध्याजवळ आणि घट्ट बांधून ठेवाव्यात. मात्र चुंबकी होकायंत्राच्या अगदी जवळ पोलादी सांगाडा असल्यास सुई भरकटू शकते, हे जागा ठरवताना सहज विसरले जाते.